दरवर्षी परत येणारा नारळ

संग्राम शेळकेला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या किचनच्या सिंकखाली. म्हणजे दिसत होते फक्त त्याचे पाय. बाकीचा संग्राम प्रेसच्या आत होता. इकडे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. पोर्टलीशला येऊन आम्हाला थोडेच दिवस झाले होते. त्याची बायको सानिका इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिची माझी ओळख झाली म्हणून दोघांना छोट्या मुलीसकट जेवायला बोलावलं होतं. मी वरणाला फोडणी देत होते आणि हे गृहस्थ जमिनीवर पालथे पडून म्हणाले, "इथे ओल आहे."

ओल होती. पण म्हणून जेवायला आलेल्या माणसाने ती शोधून काढायची? मला इतका संताप आला की मी त्याला मुद्दाम करपलेली पोळी वाढली. त्याने ती उलटून पाहिली, ताटाच्या कडेला ठेवली आणि दुसरी मागितली.

संग्राम डब्लिनच्या एका कंपनीत टेस्टर आहे. लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, याचा त्याला पगार मिळतो. बाकीच्या जगातल्या चुका तो फुकट शोधतो. हॉटेलच्या खोलीत शिरला की आधी गादी उलटतो. दुकानात दुधाचा कॅन उचलला की तो उजेडासमोर धरतो. आणि मग एकच शब्द, अगदी थंड आवाजात: नापास. आमच्यातलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की पूर्वी संग्रामला बरोबर न्यायचं. तो गालिचे उचलायचा, डिकीत डोकं घालून वास घ्यायचा, विकणाऱ्या माणसाकडे असं बघायचा की तो बिचारा आपण गाडी चोरली तर नाही ना, या विचाराने कावराबावरा व्हायचा. माझ्या नवऱ्याला, पियूषला, त्याने इतक्या गाड्या नाकारायला लावल्या की तो एक अख्खा हिवाळा पावसात चालत ऑफिसला गेला. त्यानंतर लोक संग्रामला न सांगता गाड्या घ्यायला लागले.

त्याचं स्वतःचं घर अजून भाड्याचंच आहे. विकत घ्यायला कितीतरी पाहिली. घर बघायला गेला की तो हॉल बघत नाही, किचन बघत नाही. सरळ जिना चढून मुलीसाठी जी खोली असेल तिथे जातो, खिडकीच्या चौकटीखाली अंगठा दाबतो, भिंतीला नाक लावतो. नापास. आयर्लंडमध्ये ओल नसलेली भिंत शोधणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. "आमचं लग्न ठरलं तेव्हा हा टेस्टर नव्हता," सानिका हसून सांगते, "म्हणून मी सुटले."

आणि मग ते कॅम्परचं प्रकरण.

घडीचा कॅम्पर तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. गाडीच्या मागे ओढत नेताना ती नुसती एक बुटकी बंद पेटी दिसते. मैदानात उभी केली आणि हँडल फिरवलं की छप्पर वर उठतं, दोन्ही टोकांना एकेक पलंग ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो, त्यांच्यावर कापडी भिंती ताणल्या जातात, आणि मधे छोटासा ओटा, सिंक, गॅस. एका पेटीचं घर होतं. रेवा, म्हणजे संग्रामची एकुलती एक मुलगी, दुसरीत असताना मैत्रिणीच्या असल्या कॅम्परमध्ये खेळून आली आणि तिने बापाकडे तोच हट्ट धरला. बाप हो म्हणाला. नवा परवडत नाही, जुना बघू म्हणाला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ही बापलेक कुठे ना कुठे जुना कॅम्पर बघायला जातात.

निघताना सानिका एका कापडी पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि उदबत्ती घालून देते. गाडी घेतली की पूजा करायची, नारळ फोडायचा आणि मगच ती घरी आणायची, ही आपली पद्धत. दर उन्हाळ्यात तो नारळ आयर्लंड फिरून येतो आणि घरी त्याची चटणी होते. ती चटणी मी दरवर्षी खाल्ली आहे. गेल्या वर्षी तो लेटरकेनीपर्यंत गेला होता, पार देशाच्या वरच्या टोकाला. सानिका म्हणते कॅम्पर जवळजवळ नवा होता. संग्रामने तो एका चेनसाठी नापास केला. एका पलंगापाशी कापडी खिडकीची चेन शेवटची बोटभर लागत नव्हती, एवढंच. रेवा परतीच्या अख्ख्या रस्त्यात कानात इअरफोन घालून बसली होती.

या वर्षी रेवाची शाळा संपली. सप्टेंबरात ती कॉलेजला गॉलवेला जाणार, त्याआधी कॅफेत काम धरलेलं. तिने बापाला सांगून टाकलं की हा शेवटचा, यानंतर मी मागणार नाही. ती रडून ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, आणि सानिकाला त्याचीच भीती वाटली. एकदा पोरगी गेली की ती सुट्टीत घरी येईल, पण आईबापांबरोबर डोंगरात झोपायला कशाला येईल?

सानिकाने वॉटरफोर्डजवळचा एक कॅम्पर शोधला. पण तिची त्या शनिवारी ड्यूटी होती, म्हणून तिने मला पकडलं. आमच्या गाडीला मागे ओढायचा हूक आहे. पियूषने तो होडी आणायची म्हणून बसवला, होडी काही आली नाही. पिशवी माझ्या हातात देताना सानिका म्हणाली, "वृंदा, हा नारळ परत आणू नकोस. तो काही म्हणाला तरी गाडीला जोडा आणि घेऊन या. ही शेवटची संधी आहे गं त्याची."

"त्याची?" मी विचारलं. "हट्ट तर रेवाचा आहे."

तिने पिशवीची गाठ आणखी घट्ट मारली.

शनिवारी आम्ही तिघं निघालो, रेवा मागे. संग्राम पुढे बसला होता. माझ्या गाडीत बसला की तो नेहमी काही ना काही ऐकतो. हा आवाज कसला येतोय, ब्रेक बघून घे, वगैरे. त्या दिवशी चकार शब्द नाही. मला वाटलं, याचं पोट बिघडलंय.

विकणारी बाई होती ब्रीडा. साठीच्या पुढची, गुलाबी गालांची, पायात गमबूट. तिची मुलं मोठी होऊन ऑस्ट्रेलियाला गेलेली. कॅम्पर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये होता. तिने आणि संग्रामने तो ढकलत अंगणात आणला. "शी इज ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या भाषेत उत्तम, "कोरडी ठणठणीत." मग चहा टाकते म्हणून ती घरात गेली, कारण इथे चहा न देता माणसाला काही विकणं पाप समजतात.

मी नारळाची पिशवी बॉनेटवर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, आता तमाशा बघू. आता हा गाडीखाली झोपणार, टॉर्च काढणार, सगळं हुंगणार.

संग्रामने हँडल फिरवलं. छप्पर करकरत उठलं, एका बाजूला जरा वाकडंच. त्याने दोन्ही पलंग बाहेर ओढले. टायरकडे बघितलं. टायरला वाळलेल्या चिखलासारख्या भेगा होत्या, त्या मला माझ्या जागेवरून दिसत होत्या. त्याने टायरवर हलकेच पाय मारला आणि म्हणाला, "चालेल."

माझा कानांवर विश्वास बसेना. संग्राम शेळकेच्या तोंडून "चालेल" हा शब्द मी त्याआधी कधी ऐकलेला नव्हता. माझ्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा नाही.

"टायर बघितलेस का नीट?" मीच विचारलं. म्हणजे बघा, काय वेळ आली माझ्यावर.

"बदलू की नवीन," तो म्हणाला. मग कापडी भिंतीवरून हात फिरवला. खालच्या शिवणीपाशी काळे ठिपके होते, बुरशीचे. बोट त्यांच्यावरून गेलं आणि थांबलं नाही. "चालेल. धुऊन निघेल."

मी हबकून त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलासारखा चेहरा झाला होता त्याचा. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस घरून ठरवून आलाय. काहीही असलं तरी पास करायचं. चुका याला माझ्यापेक्षा दहापट दिसत होत्या आणि तो दातओठ खाऊन त्यांच्यावरून पुढे जात होता. मला त्याची दया यायला लागली, जी मला त्याच्याबद्दल कधी येईल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यात आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. लाकूड ओलं असलं की ते कडकन मोडत नाही, भसकन मोडतं.

रेवा आत गेली होती हे मी विसरूनच गेले होते. ती दारात आली. तिच्या हातात बापाचा टॉर्च होता, तो तिने त्याच्या सॅकमधून कधी काढला कोण जाणे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तपकिरी लगदा लागला होता.

"सिंकखालची फ्लोअर गेलीये," ती म्हणाली. ती मराठी समजते पण बोलते इंग्लिश, तेही इकडच्या हेलात, त्यामुळे हे सगळं ती इंग्लिशमध्येच म्हणत होती. "डाव्या पलंगाची फळी फुगलीये. छप्पर उचलणारी एक केबल तुटायला आलीये. कॅनव्हासच्या आतल्या बाजूला बुरशी आहे, बाहेरच्यापेक्षा जास्त." आणि मग थंडपणे, एकच मराठी शब्द. "नापास."

तोच आवाज. तीच शेवटी खाली जाणारी पट्टी. अठरा वर्षांच्या कोवळ्या चेहऱ्यातून तो म्हातारा शब्द बाहेर पडताना बघून मला खरंच धक्का बसला. संग्रामला तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"अगं, दुरुस्त करू की आपण," तो म्हणाला. "प्लायवूड टाकू. आठवड्याचं काम आहे. चालेल गं."

"चालेल?" रेवा म्हणाली. "आत्ता चालेल? लेटरकेनीचा एका झिपसाठी फेल केलास. त्याच्या आधीचा गॅसचा पाइप जुना म्हणून. त्याच्या आधीचा वास येतो म्हणून, आणि कुणालाच वास येत नव्हता, बाबा. आणि आज ही सडकी पेटी ग्रँड?"

"या वर्षी घ्यायचाच आहे मला."

"का? मी जाणार म्हणून?"

ब्रीडा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिला पुढे यावं की मागे जावं कळत नव्हतं. मी म्हणणार होते, चला, आधी चहा घेऊ. पण रेवाने ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले, आणि ती मराठीत बोलायला लागली. अडखळत, आयरिश हेलात, पण पूर्ण मराठीत. मी तिला लहानपणापासून ओळखते, पूर्ण मराठी वाक्य तिने माझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं.

"बाबा, मला घ्यायच्या आधी तुला तपासायला मिळालं असतं ना," ती म्हणाली, "तर तू मलापण नापास केलं असतंस."

ब्रीडाला शब्द कळले नसतील, पण तिने नजर ट्रेकडे वळवली. आता हा भडकणार असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्याने भडकावं असंच मला वाटत होतं, कारण ते ऐकून घेणं कठीण होतं.

संग्राम भडकला नाही. तो कॅम्परच्या पायरीवर बसला.

"तपासलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुला. आईच्या पोटात असताना. पुण्याला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, तुझ्या हृदयाला भोक आहे म्हणून. म्हणाले, बुजेल किंवा नाही बुजणार. अशा बाळांना आणखीही काही असू शकतं, त्याची वेगळी टेस्ट आहे. टेस्ट करा, रिपोर्ट बघा, मग ठरवा ठेवायचं का." त्याने रेवाच्या अंगठ्याकडे बघितलं. "सुई घालून करायची होती ती. तुला धोका होता. मी म्हटलं, टेस्ट नको. आई म्हणाली विचार कर. मी म्हटलं, मला बघायचंच नाही. आहे तशी चालेल."

टेस्टर माणूस. पोळी उलटून बघणारा, दूध उजेडासमोर धरणारा. आयुष्यात एकदाच याने टेस्ट नको म्हटलं. मी आमच्या गाडीला टेकले.

"दोन वर्षांची झालीस तेव्हा बुजलं आपोआप," तो पुढे म्हणाला. "आईचं म्हणणं, हिला सांगायचं नाही. आपण आजारी आहोत असं समजून पोरगी वाढायला नको. पण डॉक्टर म्हणाले होते, हिला थंडी, ओल, छातीचं दुखणं यापासून जपा. ते बुजल्यावर म्हणे नाही जपलं तरी चालतं. मला ते थांबवताच आलं नाही, रेवा. लेटरकेनीची ती चेन तुझ्या पलंगाची होती."

मला एकदम ते सिंक आठवलं. त्या दिवशी छोटी रेवा आमच्या किचनच्या जमिनीवर भांडी घेऊन खेळत बसली होती. ती बसली तिथली ओल शोधायला हा माणूस पालथा पडला होता, आणि मी त्याला करपलेली पोळी वाढली होती. मला स्वतःचा आणि सानिकाचा एकाच वेळी राग आला. इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि तिने हे मला एका शब्दाने सांगू नये?

रेवा दारात तशीच उभी होती. तिने एक हात छातीवर ठेवला होता, आत काही वाजतंय का बघावं तसा. चेहरा पांढरा पडला होता. ती आता बापावर ओरडेल, की रडेल, की मुकाट्याने जाऊन माझ्या गाडीत बसेल, मला काही अंदाज येईना. संग्रामलाही येत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि मी माणसाला इतकं घाबरलेलं फार क्वचित पाहिलंय.

"हा कॅम्पर तरीपण फेलच आहे," ती शेवटी म्हणाली, पुन्हा इंग्लिशमध्ये. आवाज फुटलेला होता. "मला माहितीये तुला ते माहितीये."

"हो," संग्राम म्हणाला. "नापास आहे."

मग ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. पायरी अरुंद, दोघं कसेबसे मावले. तिने आपला लगदा लागलेला अंगठा त्याच्या पँटला पुसला आणि त्याच्या दंडात तोंड खुपसून रडायला लागली. तो सरळ समोर बघत तिच्या डोक्यावर थोपटत राहिला.

ब्रीडाने ट्रे अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवला, आत डोकावून सिंकखालचं भगदाड बघितलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. "जीझस, मेरी अँड जोसेफ," ती म्हणाली. शेडचं छप्पर गळत असणार, मुलं गेल्यापासून आपण हा उघडलाच नाही, आणि एवढ्या लांबून तुम्हाला बोलावलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला खरोखर लाज वाटत होती. पोरगी का रडते ते तिने विचारलं नाही. फक्त म्हणाली, उघडलाच आहे तर राहू दे उघडा, मागचं शेत मोकळं आहे, तिथून समुद्र दिसतो, वाटलं तर आज राहा. मी हसून नाही म्हणणार होते. संग्राम शेळके आणि बुरशीच्या कापडाखाली मुक्काम?

रेवाने डोकं वर केलं. "राहूया, बाबा?"

त्याने कॅम्परकडे बघितलं. काळे ठिपके, वाकडं छप्पर, फुगलेली फळी, सगळं एकदा वरपासून खालपर्यंत. त्याचा अंगठा आपोआप वर आला होता, दाबायला. तो त्याने मुठीत घेतला.

"चालेल," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "वृंदा, तो नारळ दे."

"अरे, पण घेतला कुठे आहेस?" मी म्हटलं.

"दे तू."

मी पिशवी दिली. त्याने कॅम्परच्या पुढच्या हुकाला हळद आणि कुंकू लावलं, अंगणातल्या दगडी कट्ट्यावर नारळ आपटला, आणि पाणी सगळं त्याच्या बुटांवर सांडलं. ब्रीडा दचकून मागे सरली. तिला काय वाटलं असेल देव जाणे. सडका माल दाखवला म्हणून चिडून हा परदेशी माणूस आता तोडफोड करणार, असंच वाटलं असणार. रेवाने तिला खोबऱ्याचा तुकडा दिला, तेव्हा ती जरा सावरली. आम्ही चौघांनी उभ्याउभ्या चहाबरोबर खोबरं खाल्लं. नंतर सगळ्यांनी मिळून कॅम्पर मागच्या शेतात ढकलला, ब्रीडाने घरातून पांघरुणं आणून दिली, आणि सकाळी न्यायला येते म्हणून मी उन्हं आहेत तोवर एकटीच परत निघाले.

गाडीत बसले आणि सानिकाचा फोन आला. तिला खूप काही सुनवायचं माझ्या मनात होतं.

"काय झालं गं?" तिने विचारलं. "नापास?"

"नारळ फुटला," मी म्हटलं.

पलीकडून श्वास ऐकू आला. "म्हणजे घेतला? घेतला त्याने?"

"नाही."

"मग?"

मी काच खाली केली. शेतातून दोघांचे आवाज येत होते, त्याचा मराठी, तिचा इंग्लिश, दोन्ही चढलेले.

"मग काय," मी म्हटलं. "आत भांडतायत. फुगलेल्या बाजूला कोण झोपणार म्हणून. तो म्हणतोय मी, ती म्हणतेय मी."